आईच्या 23 दिवसांचा हिशेब

एकूण जमा 1,31,450 रुपये. त्यातले 85,800 भाकरी-चटणीच्या विक्रीचे आणि 45,650 रुपये लोकांनी थेट संस्थेच्या खात्यावर भरलेले; संस्था म्हणजे आईला शेवटचे 23 दिवस जिनं सांभाळलं ती पुण्यातली. दिवाळीपासून ज्यांनी ज्यांनी आमच्याकडून पुडी घेतली, त्या सगळ्यांना मी शब्द दिला होता की संक्रांत झाली की हिशेब मांडीन. तो आधी मांडला. अठरा वर्षं मी पतसंस्थेत कॅशवर बसते. दुसऱ्याचा रुपया हातात आला की तो लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण हे पैसे कशाचे आणि कुणासाठी, हे सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही, म्हणून आज सुट्टीचा दिवस बघून लिहायला बसले.

आई गेली त्याला सव्वा वर्ष झालं. सोलापुरात, भवानी पेठेत आमच्या गल्लीत तिला सगळे भाकरीवाल्या मावशी म्हणायचे. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा दादा नववीत होता आणि मी सहावीत. पुढच्याच महिन्यात आईनं चूल अंगणात घेतली आणि कडक भाकरी करून दुकानात द्यायला सुरुवात केली. सोलापूरच्या माणसाला कडक भाकरी काय असते हे सांगायला नको, पण हे लिखाण बाहेरगावचेही वाचतात म्हणून सांगते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी लागते. पीठ ताजं हवं, जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी कडेनं फाटते. आधणाचं पाणी घालून मळायचं, पापडासारखी पातळ थापायची, वर तीळ लावायचे, तव्यावर भाजायची आणि मग चुलीच्या कडेला उभी करून तिच्यातलं पाणी पार जाईपर्यंत वाळवायची. महिनाभर टिकते. आई दिवसाला शंभर थापायची. पहाटे चारला तिच्या हाताचा थाप-थाप आवाज सुरू व्हायचा आणि त्या आवाजावर आमची झोप उलट आणखी गाढ व्हायची. दादाचं आयटीआय, माझं बीकॉम, बाबांचं आजारपण, सगळं त्या शंभर भाकरींवर निघालं.

आणि शेंगा चटणी. ती मात्र तिनं कधी मिक्सरला लावली नाही. उखळासमोर पाट घेऊन ओणवी बसायची आणि कुटत राहायची. दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, यापलीकडे त्यात काही नसतं. मध्येच चिमूटभर घेऊन अंगठा आणि बोटात चोळायची. बोटाला तेल लागलं तर झाली, नाहीतर पुन्हा मुसळ.

2023 च्या उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. आम्ही महिनाभर पथ्यपाणी करत बसलो. पोटाची तपासणी केली तेव्हा स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि तो यकृतापर्यंत पोचलेला होता. पुढचे तीन महिने कसे गेले ते फार लिहीत नाही. नळी बसवली, कावीळ उतरली, दोन केमो झाल्या, तिसरी तिच्या अंगाला सोसली नाही.

दुखणं मात्र लिहायलाच हवं. पोटातून कळ उठायची ती थेट पाठीत जायची. आडवं पडलं की वाढायची, पुढं वाकून बसलं की थोडी कमी व्हायची. म्हणून आई रात्ररात्र मांडीवर उशी घेऊन, ओणवी, बसून राहायची. उखळासमोर बसायची ना, अगदी तश्शीच. अंधारात मला ती आकृती दिसायची आणि वाटायचं, आता उठून चटणी कुटेल. मी पाठ चोळत बसले की म्हणायची, "काय करलालीस गं, झोप की जरा. सकाळी बँकेत जायचंय ना तुला." पतसंस्थेला ती शेवटपर्यंत बँकच म्हणायची.

ज्या दवाखान्यात तिचे उपचार चालू होते तिथल्या डॉक्टरांनी गणपतीनंतर सांगितलं, आता करण्यासारखं काही राहिलं नाही, घरी न्या. व्हरांड्यात उभ्याउभ्या सांगितलं. दादानं विचारलं, "मग दुखलं तर काय करायचं?" त्यांनी एक वेदनाशामक गोळी लिहून दिली आणि पुढच्या पेशंटकडे गेले. त्या गोळीनं तासभरही बरं वाटत नव्हतं. चार औषधांच्या दुकानांत फिरलो; यापेक्षा जास्त ताकदीचं काही ठेवत नाही म्हणाले. त्या डॉक्टरांवर माझा राग आजही आहे. आजार बरा होणार नाही हे त्यांनी खरं सांगितलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आजार बरा होणार नाही म्हणजे आता करण्यासारखं काहीच उरलं नाही, हे खरं नव्हतं. करण्यासारखं पुष्कळ होतं, आणि ते आम्हाला आमच्या पतसंस्थेच्या एका खातेदार बाईंनी सांगितलं. त्या निवृत्त सिस्टर. पैसे भरायला आल्या आणि माझा चेहरा बघून थांबल्या. काउंटरच्या अलीकडे आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि पहिल्यांदा तो शब्द माझ्या कानावर घातला: हॉस्पिस. म्हणजे बरा न होणाऱ्या आजाराच्या माणसाचं दुखणं शेवटपर्यंत सांभाळणारी जागा.

दादा एकदम भडकला. "म्हणजे मरायला नेऊन टाकायचं!" नातेवाईकांत बातमी गेली तेव्हा फोनवर फोन. आईला आश्रमात ठेवताय का, दोन-दोन लेकरं असताना असली पाळी का यावी. मावशी तर रडायलाच लागली. त्या चार दिवसांत आम्ही भाऊ-बहीण एकमेकांशी जे बोललो ते इथं लिहीत नाही. शेवटी वहिनी म्हणाली, "त्यांनाच विचारा की." आणि खरंच, तोपर्यंत आईला कुणी विचारलंच नव्हतं. आई ओणवीच होती. मान वर न करता म्हणाली, "दुखायचं थांबत असेल तर कुठंबी न्या."

आम्ही चौकशी केली तेव्हा जागा मिळाली ती पुण्यात. दसरा झाल्यावर दोन दिवसांनी रुग्णवाहिका करून निघालो. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, प्रत्येक गतिरोधकाला आई डोळे मिटून घ्यायची.

त्या जागेचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. असं लिखाण फिरत फिरत कुठंही जातं, आणि मध्येच कुणीतरी खाली स्वतःचा खातेक्रमांक लावून पुढं पाठवतं. ज्यांना हवं आहे त्यांनी मला विचारावं, मी संस्थेचाच नंबर देईन.

पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. डॉक्टर बाई आल्या आणि फाइल न उघडता आईच्या खाटेजवळ खुर्ची घेऊन बसल्या. मला वाटलं, आता मला विचारतील. पण त्यांनी आईलाच विचारलं, "काकू, कुठं दुखतं?" आईनं हात लावून दाखवलं. मग त्या म्हणाल्या, अजिबात नाही म्हणजे शून्य आणि सहनच होत नाही म्हणजे दहा, तर आत्ता किती? आईला ते दहाचं गणित काही बसेना. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सोळा आण्यातलं चौदा आणे." डॉक्टरांनी ते तसंच्या तसं कागदावर लिहिलं. चौदा आणे. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं तर म्हणाली, सहा आणे. तिसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या रात्री माझी आई तीन महिन्यांनंतर पहिल्यांदा आडवी झोपली. पाय सरळ करून, एक हात डोक्याखाली घेऊन. दादा आणि मी दोघं खाटेच्या दोन बाजूंना बसून ते नुसतं बघत होतो.

औषध होतं मॉर्फिन. नाव ऐकून दादा घाबरला, "अफूचं ना ते? सवय लागली तर?" डॉक्टर बाईंनी त्याला बाजूला घेऊन शांतपणे समजावलं. डॉक्टरांनी मोजून, वेदनेसाठी दिलेलं मॉर्फिन आणि नशा या वेगळ्या गोष्टी आहेत. कळ उठेपर्यंत थांबायचं नसतं. आधीच्या गोळीचा असर उतरायच्या आत, घड्याळ लावून, दर चार तासांनी पुढची द्यायची. पोट साफ होत नाही, म्हणून त्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत. हे इतकं साधं होतं. नंतर मी वाचत गेले तसा जीव आणखी जळला. अफूची शेती सरकारी परवान्यानं आपल्याच देशात होते, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. तरी आपल्याच माणसाला वेळेला गोळी मिळत नाही. 1985 चा अमली पदार्थांचा कायदा एवढा कडक होता की दवाखाने मॉर्फिन ठेवायलाच धजत नव्हते. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यता घेतलेल्या दवाखान्यांना वाट सोपी झाली. पण कागदावरची वाट सोपी झाली म्हणून मनातली भीती जात नाही. आमच्या घरातली तरी कुठं गेली होती?

हॉस्पिस ही काही अलीकडची गोष्टही नाही. लंडनमध्ये 1967 साली सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाईंनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णांचं समाजकार्य केलं, आणि दुखण्याकडे नीट बघता यावं म्हणून पुढं डॉक्टर झाल्या. दुखणं फक्त शरीराचं नसतं, मनाचं असतं, घरच्यांचं असतं, देवाशी चाललेल्या भांडणाचंही असतं, असं त्या सांगायच्या. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन 1986 पासून आहे. म्हणजे बाबांची गिरणी चालू होती तेव्हापासून. आणि आम्हाला 2023 मध्ये तो शब्द काउंटरवर कळतो.

दिवाळी आम्ही तिथंच केली. सिस्टर लोकांनी खिडकीला आकाशकंदील लावला होता. पाडव्याच्या आदल्या रात्री वहिनी सोलापूरहून फराळ घेऊन आली, त्यात चटणीची डबी होती. आईचं खाणं तोपर्यंत थांबलं होतं, दिवसातून चार चमचे पाणी, एवढंच. सिस्टर दर थोड्या वेळानं ओल्या कापसानं तिचे ओठ पुसायच्या. डबी उघडली तसा खोलीत लसणाचा वास पसरला आणि आईनं डोळे उघडले. हात पुढं केला. वहिनीनं चिमूटभर चटणी तिच्या बोटांत दिली. आईनं ती तोंडाकडे नेली नाही. अंगठा आणि बोटात धरून चोळली, सावकाश, दोनदा. मग वहिनीकडे बघून म्हणाली, "तेल सुटलंय. लसूण जरा कमी पडला." वहिनी तिच्या पायाशी बसून रडली आणि रडतारडता हसली. सिस्टरनी आईचं ते बोट पुसलं नाही, तसंच राहू दिलं.

भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी पहाटे आई गेली. दादा आणि मी दोघंही जवळ होतो. ती दुखण्यानं ओरडली नाही. तिथं ती 23 दिवस होती आणि त्या 23 दिवसांचा आमच्याकडून एक रुपया घेतला गेला नाही. मी दोनदा विचारलं, बिल? उत्तर मिळालं, "इथं बिल नसतं, ताई."

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा दादा म्हणाला, गावजेवण घालू, तीनशे पानं. त्याच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. आईला आश्रमात टाकलं म्हणणाऱ्यांना त्याला जेवायला बसवायचं होतं. मी काही बोलले नाही. बोलली ती पुन्हा वहिनीच. "तीनशे माणसं एकदा जेवून जातील. त्यापेक्षा 23 दिवस फेडू." मी संस्थेला फोन करून विचारलं, एका खाटेचा एका दिवसाचा खर्च साधारण किती येतो. त्यांनी 5,000 सांगितले. गुणिले 23, म्हणजे 1,15,000. दादा कागदाकडे बघत बसला आणि म्हणाला, "ज्वारी आणि दाण्याचा खर्च माझा." श्राद्ध घरातल्या घरात केलं.

पैशाच्या बाबतीत माझे नियम पक्के होते. आधी संस्थेकडून लेखी पत्र घेतलं की हे कुटुंब आमच्यासाठी निधी गोळा करतंय. भाकरी-चटणीचे पैसे रोज रात्री वहीत आणि दर सोमवारी संस्थेच्या खात्यावर. ज्याला नुसती देणगी द्यायची आहे त्यानं थेट संस्थेच्या खात्यावर भरायची, म्हणजे 80जी ची, आयकरात सवलतीची, पावती देणाऱ्याच्याच नावानं मिळते. अनेकांनी रोख द्यायचं म्हटलं. त्यांना मी समजावून सांगितलं की 2,000 च्या वरच्या रोख देणगीला करात वजावट मिळत नाही, आणि नवी करपद्धत घेतली असेल तर ही सवलतच नाही, तेव्हा आधी बघून घ्या. जो भाकरी विकत घेतो त्याला देणगीची पावती मिळणार नाही, हेही आधीच सांगत होते. यावर दोघं-तिघं नाराज झाले, पण खरं तेच सांगायला हवं.

एक पुडी म्हणजे दहा भाकरी आणि पाव किलो चटणी, 300 रुपये. वहिनीचा भाकरीचा धंदा चालू असल्यानं नोंदणी वगैरे आधीच झालेली होती. दिवाळी ते संक्रांत 286 पुड्या गेल्या. म्हणजे 2,860 भाकरी आणि साडेएकाहत्तर किलो चटणी. भाकरी वहिनीच्या आणि तिच्याकडे कामाला असलेल्या दोन बायकांच्या हाताच्या. चटणी आम्ही आईच्याच उखळात कुटली, रोज संध्याकाळी पाळी लावून. दादा दुकानातून यायचा, हाताचं ग्रीस धुवायचा आणि मुसळ घ्यायचा. त्याला आयुष्यात कधी चटणी कुटताना बघितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्याच्या तळहाताला फोड आले. माझी लेक दाणे भाजून, चोळून, पाखडून द्यायची. अंगणभर लाल टरफलं उडायची. बोटांत चोळून बघायचं काम वहिनीचं. लसूण आम्ही थोडा जास्तच घालत होतो.

कुणी कुणी घेतलं? जुळे सोलापूर भागातल्या माझ्या सोसायटीनं एकट्यानं चाळीस पुड्या घेतल्या. संक्रांतीच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणजे आमच्या गड्ड्याला, बाहेरगावाहून आलेले पाहुणे जाताना घेऊन गेले. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी तर दुपारी भाकरी संपल्या आणि वहिनीनं पुन्हा चूल पेटवली. पुण्या-मुंबईला गेलेली सोलापूरची मुलं, त्यांना पार्सलनं पाठवल्या. गल्लीतली एक अक्का विड्या वळते. ती आली, हजार विड्यांची त्या दिवशीची अख्खी मजुरी पदरातून काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "पुडी नको. घरी भाकरी मीच करते की. आईनं माझ्या बाळंतपणात दीड महिना भाकरी दिली होती, ते कुठं लिहून ठेवलंय?" मी तिला म्हटलं, अक्का, खात्यावर भरायला हवं. म्हणाली, "तू भर की माझ्या नावानं." तिच्यासमोरच मोबाईलवरून भरले आणि पावती काढून तिच्या घरी नेऊन दिली. तिनं ती देवाजवळ ठेवली आहे.

आणि ती मावशी. फोनवर रडलेली. संक्रांतीच्या आधी तिचा फोन आला, तिच्या शेजारच्या घरात माणूस दुखण्यानं तळमळतोय, तो तुमच्या पुण्याच्या संस्थेचा नंबर दे. मी दिला. बाकी ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. मला तेवढ्यानं जे वाटलं ते सगळ्या जमाखर्चापेक्षा मोठं होतं.

गड्ड्याची यात्रा सरल्यावर एका रविवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं आम्ही सगळे पुण्याला गेलो. पैसे खात्यावर आधीच गेले होते, पण दादाला जायचंच होतं. तिथल्या लोकांसाठी पन्नास भाकरी आणि दोन किलो चटणी वेगळी नेली. डॉक्टर बाईंनी ओळखलं. म्हणाल्या, "चौदा आणे!" त्या आता बाकीच्या आज्यांनाही आण्यातच विचारतात.

मी आणि वहिनी ऑफिसात शेवटच्या भरण्याची पावती घेत होतो तेव्हा दादा नाहीसा झाला. शोधत वर गेले तर आईच्या खोलीबाहेर उभा होता. दार अर्धवट उघडं, आत पडदा ओढलेला. खिडकीपाशी आईची होती तिथंच खाट, आणि पडद्यामागून कुणीतरी हळू आवाजात पेपर वाचून दाखवत होतं. कांद्याचा भाव, मग कुठल्याशा मॅचचा स्कोअर. मध्येच एक म्हातारा आवाज म्हणाला, "पुन्हा वाच ते." पुन्हा वाचलं.

दादानं पिशवीतून एक पुडी काढली, बाहेरच्या बाकावर ठेवली आणि माझ्याबरोबर खाली आला. परतीच्या गाडीत कुर्डुवाडी येईपर्यंत तो काही बोलला नाही. मग वहिनीला म्हणाला, "मालदांडी कधी निघते शेतातून? यंदा मीच जाऊन आणतो मंगळवेढ्याहून."